प्रतिकारशक्तीची वेसण: वाचकांचे प्रश्न

६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना जाहीर झालं. शरीराच्या लढाऊ पेशींना आवरून धरणाऱ्या पेशींचा त्यांनी छडा लावला. तेव्हापासून आमवात, ल्युपस, थायरॉईड, लहानपणचा मधुमेह अशा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या) आजारांबद्दलची पत्रं वाढली आहेत आणि बहुतेकांना एकच विचारायचं आहे: ‘ही पेशी आम्हाला मिळेल का?’ सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. डोसाचे आकडे समजण्यासाठी दिले आहेत, आपल्या गोळीत फेरफार आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

आम्ही वर्गात शिकवतो की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. मग सैनिकांना अडवणाऱ्या पेशी शरीर मुळात बनवतंच का? आणि ‘अडवतात’ म्हणजे नेमकं काय करतात?
— विज्ञान शिक्षिका, सांगली

सैनिकांपेक्षा बैलाचा दाखला जास्त जुळतो. बैल ताकदीचाच हवा, पण नाकात वेसण नसेल तर तो शेजाऱ्याच्या नाही, आपल्याच उभ्या पिकात शिरतो.

छातीच्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते. जुन्या मराठी पुस्तकांत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हटलेलं सापडेल, कारण वयात आल्यावर ती आक्रसत जाते. टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचीच एक जात, इथे तयार होतात. प्रत्येक टी-पेशीला स्वतःचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे बाहेरची खूण ओळखून पकडणारं प्रथिन) असतो आणि तो जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून बनतो. त्यामुळे पुढे कोणता जंतू येणार हे माहीत नसतानाही शरीराकडे त्याला ओळखणारी एखादी पेशी तयार असते. पण याच पिसण्यातून आपल्याच थायरॉईडला किंवा स्वादुपिंडाला ‘परका’ समजणाऱ्या पेशीही जन्मतात. थायमस त्यातल्या बहुतेकींना तिथेच मारून टाकतो. चाळणीला भोकं असल्याने काही निसटतातच. तुमच्या-आमच्या, अगदी ठणठणीत माणसाच्या रक्तातही अशा पेशी फिरत असतात.

बाहेर पडलेल्या या पेशींवर नजर ठेवतात त्या नियामक टी-पेशी. प्रयोगशाळेत त्यांना सर्रास ‘ट्रेग’ म्हणतात. रक्तातल्या सीडी४ प्रकारच्या (पेशींच्या अंगावरच्या प्रथिनांना खूण म्हणून असे क्रमांक दिले आहेत) टी-पेशींपैकी त्या साधारण ५ ते १० टक्के असतात.

त्यांच्या कामाच्या निदान चार पद्धती पक्क्या माहीत आहेत. लढाऊ टी-पेशीला कामाला लावायला डेंड्रायटिक पेशी (शत्रूचे तुकडे टी-पेशींना नेऊन दाखवणारी पेशी) दोन खुणा दाखवते. एक म्हणजे ‘शत्रू असा दिसतो’ ही, आणि दुसरी ‘हल्ला कर’ ही. दुसऱ्या खुणेसाठी तिच्या अंगावर सीडी८० आणि सीडी८६ ही प्रथिनं असतात. ट्रेग आपल्या सीटीएलए-४ या प्रथिनाने ती चक्क ओरबाडून स्वतःच्या पोटात घेते. मग पहिली खूण दिसली तरी हल्ल्याचा हुकूम मिळत नाही. दुसरी पद्धत उपासमारीची. लढाऊ टी-पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-२ हे पेशींमधलं निरोप्या रसायन लागतं. ट्रेगच्या अंगावर त्याचा सर्वांत तीव्र ओढीचा ग्राहक भरपूर असतो, त्यामुळे आसपासचं इंटरल्यूकिन-२ तीच शोषून घेते. शिवाय ती इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही शांतवणारी रसायनं सोडते, आणि चौथं, जखमी पेशींतून बाहेर सांडलेल्या एटीपीचं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचं) अडेनोसिन करून टाकते. एटीपी ही धोक्याची घंटा असते, अडेनोसिन ती बंद करतं.

या चारही गोष्टी जवळून, बहुतेकदा अंगाला अंग लावून होतात. हे लक्षात राहू द्या, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचा उगम इथेच आहे. रक्तात ट्रेग भरपूर असल्या, पण दुखऱ्या सांध्यात त्या निकामी असल्या, तर रुग्णाला त्यांचा उपयोग नाही.

ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात ‘सप्रेसर टी सेल’ आहे, आमच्या पुस्तकात ‘रेग्युलेटरी टी सेल’. दोन्ही एकच का?
— बी.एस्सी. विद्यार्थी, लातूर

कल्पना एक, वंशावळ वेगळी. १९७० च्या सुमारास येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो यांनी दाखवलं की काही टी-पेशी प्रतिकार दाबतात. दहा-बारा वर्षं हा विषय जोरात चालला. या पेशींची खूण म्हणून ‘आय-जे’ नावाचं एक प्रथिन मानलं गेलं, आणि त्याचं जनुक उंदराच्या गुणसूत्रावर अमुक जागी आहे असंही ठरलं. १९८० च्या दशकात तो भाग रेणूपातळीवर वाचला तर तिथे असं जनुकच नव्हतं. विषयाची इतकी नाचक्की झाली की ‘सप्रेसर’ हा शब्द शोधनिबंधात लिहायलाही लोक बिचकत. नाव बदललं त्यामागे हे एक कारण आहेच.

साकागुचींनी मात्र एका जुन्या निरीक्षणाचं बोट सोडलं नाही. उंदराच्या पिल्लाचा थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढला तर त्याला ऑटोइम्यून आजार होतात. आठवडाभराने काढला तर होत नाहीत. म्हणजे तिसऱ्या दिवसानंतर थायमसमधून काहीतरी आवरणारं बाहेर पडत असलं पाहिजे. १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशींची खूण दाखवली: सीडी२५. या पेशी वगळून उरलेल्या टी-पेशी टी-पेशीच नसलेल्या उंदरांना दिल्या, तर थायरॉईड, जठर यांवर हल्ला सुरू झाला. वगळलेल्या पेशी परत दिल्या, तर तो टळला.

दुसरा धागा अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला. तिथे १९४९ मध्ये उंदरांच्या एका वंशात आपोआप बदल झाला. नर पिल्लांची कातडी खपल्या धरायची, प्लीहा सुजायची, आणि ती तीन-चार आठवड्यांत मरायची. या उंदरांना ‘स्कर्फी’ म्हणतात. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरचा संशयित भाग सुमारे पाच लाख अक्षरांपर्यंत आवळत आणला. त्यात वीस जनुकं होती, आणि दोष निघाला विसाव्यात! २००१ मध्ये त्या जनुकाला फॉक्सपी३ हे नाव मिळालं. २००३ मध्ये साकागुचींच्या आणि इतर दोन गटांच्या कामातून धागे जुळले: सीडी२५ वाल्या पेशींना ‘आवरणारी’ बनवणारं मुख्य बटण म्हणजे फॉक्सपी३.

परीक्षेत एक चूक हमखास होते. ‘सीडी२५ म्हणजे ट्रेग’ असं लिहू नका. माणसात कोणतीही चेतवलेली टी-पेशी काही काळ सीडी२५ दाखवते, इतकंच काय, थोडं फॉक्सपी३ सुद्धा. म्हणून सीडी४ आहे, सीडी२५ भरपूर आहे आणि सीडी१२७ कमी आहे, अशी तिहेरी खूण धरतात.

मला सहा वर्षांपासून आमवात आहे. एका प्रयोगशाळेच्या जाहिरातीत ‘ट्रेग काउंट’ तपासणी दिसली. करून घेऊ का? संख्या कमी निघाली तर औषध बदलेल का?
— वाचक, नाशिक

नको. आमवातात त्या आकड्यावरून औषध ठरत नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात ट्रेग काही अभ्यासांत कमी, काहींत नेहमीइतक्या, काहींत जास्तही सापडल्या आहेत. सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी तपासलं तर तिथे त्या रक्तापेक्षा जास्त प्रमाणात असतात. म्हणजे पहारेकरी जागेवर आहेत आणि तरी घर लुटलं जातंय. सांध्यातल्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ या सूज पेटवणाऱ्या रसायनांच्या भडिमाराने ट्रेगची धार बोथट होते. त्याच वेळी लढाऊ पेशीही इतक्या हट्टी होतात की चांगल्या ट्रेगचंही ऐकत नाहीत. २००४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब दिल्यावर आमवाताच्या रुग्णांतल्या ट्रेगचं काम सुधारतं. म्हणजे सूज आवरणारी औषधं ट्रेगना अप्रत्यक्षपणे पुन्हा कामाला लावतात.

तपासणीच्याही अडचणी आहेत. फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशी त्यांच्या खुणांवरून यंत्राने मोजायची पद्धत) ईडीटीए किंवा हेपॅरिनच्या नळीतलं ताजं रक्त लागतं. ते फ्रिजमध्ये न ठेवता साधारण चोवीस तासांत यंत्रावर जावं लागतं. तालुक्याहून कुरिअरने गेलेला नमुना दोन दिवसांनी लागला तर मेलेल्या पेशींमुळे आकडा भरकटतो. सीडी२५ ‘भरपूर’ म्हणजे किती, ही रेघ प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या जागी ओढते. स्टेरॉईड चालू असेल किंवा चार दिवसांपूर्वी ताप येऊन गेला असेल, तरी संख्या हलते. आणि ही तपासणी पेशी मोजते, त्या काम करतात की नाही ते सांगत नाही.

तेच पैसे सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्यांवर आणि मेथोट्रेक्सेट चालू असेल तर दर दोन-तीन महिन्यांच्या रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन तपासणीवर घाला. आणि मेथोट्रेक्सेटवरून एक पुन्हा सांगतो: ती आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. रोज घेतल्याने तोंड सोलवटणं, पांढऱ्या पेशी तळाला जाणं आणि मृत्यूही झालेले आहेत. वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फॉलिक ॲसिड त्या वारी घ्यायचं नाही.

पत्नीला ल्युपस आहे. डॉक्टर प्रतिकारशक्ती ‘दाबायची’ औषधं देतात आणि घरातले ती ‘वाढावी’ म्हणून रोज गुळवेलीचा काढा. दोन्ही चालू ठेवलं तर चालेल का?
— वाचक, सातारा

चालणार नाही. काढा थांबवा.

‘प्रतिकारशक्ती’ हा एकच नळ असल्यासारखं आपण बोलतो: कमी झाली की सोडायचा, जास्त झाली की बंद करायचा. ल्युपसमध्ये मात्र एकाच वेळी आवरणाऱ्या पेशी ढिल्या आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या पेशी सैराट असतात. अशा शरीरात ‘सगळंच वाढव’ म्हटलं तर आधी काय वाढेल ते सांगायला नको. कोविडच्या काळात गुळवेल घरोघर गेली. त्यानंतर गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताला सूज आल्याचा अहवाल मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. यकृताचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. पाठोपाठ देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या काहींत आधीच दबून असलेला ऑटोइम्यून आजार उघडा पडल्याचं दिसलं. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. खरी गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल यांत गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं. हा वाद तज्ज्ञ मिटवतील. ल्युपसच्या रुग्णाने त्यात प्रयोगाचा उंदीर होऊ नये, एवढं आम्ही ठामपणे म्हणू.

काढा बरेच दिवस झाला असेल तर यकृताच्या बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी या तपासण्या करून घ्या. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, जेवण नकोसं होणं यांतलं काही असेल तर त्याच दिवशी.

दुसरीकडे, डॉक्टरांची औषधं ‘फार झाली’ म्हणून स्वतःहून थांबवू नका. प्रेडनिसोलोन तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर शरीराची स्वतःची स्टेरॉईड बनवणारी यंत्रणा झोपी गेलेली असू शकते. गोळी एकदम थांबली की रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, शुद्ध हरपते. ल्युपसमध्ये जवळपास प्रत्येकाला देतात ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. ४८ किलोच्या बाईला रोज ४०० मिलिग्रॅम जास्त होतात, हे वजनाचा काटा न पाहता लिहिलेल्या चिठ्ठीत निसटतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह निघाला आहे. परदेशात ट्रेग पेशी वाढवून देतात असं वाचलं. इथे एक केंद्र ‘स्टेम सेलने प्रतिकारशक्ती रीसेट’ करतो म्हणतंय, काही लाख रुपये सांगितले आहेत.
— पालक, सोलापूर

ताई-दादा, पैसे भरू नका. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळ्या आजारांत स्टेम सेल उपचार फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतात. टाइप १ मधुमेह त्या ठरावीक यादीत नाही. ट्रायल असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत तिचा सीटीआरआयने सुरू होणारा क्रमांक असतो, नीतिसमितीची मंजुरी असते आणि उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तिन्ही विचारा. बहुतेकदा पहिल्याच प्रश्नाला बोलणं संपतं.

परदेशात झालं ते असं. रुग्णाचं सुमारे ४०० मिलिलिटर रक्त घेऊन त्यातून आधी सांगितलेल्या तिहेरी खुणेने ट्रेग वेगळ्या काढतात. फॉक्सपी३ पेशीच्या आत असतं. ते रंगवायला पेशीला भोकं पाडावी लागतात आणि त्यात ती मरते, म्हणून निवड बाहेरच्या खुणांवरच करावी लागते. मग चेतवणारे सूक्ष्म मणी आणि इंटरल्यूकिन-२ देऊन पेशी साधारण चौदा दिवस वाढवायच्या आणि शिरेतून परत सोडायच्या. यात चुकतं कुठे? निवडीत थोड्या लढाऊ पेशी शिरल्या तर त्याही तितक्याच वाढतात. फार ताणून वाढवलं तर काही ट्रेग आपलं फॉक्सपी३ गमावतात. आणि या ट्रेग सरमिसळ असतात, स्वादुपिंड ओळखणाऱ्या त्यात मूठभरच.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या १४ प्रौढांवरचा पहिला अभ्यास सुरक्षित ठरला, काहींच्या रक्तात त्या पेशी वर्षभर टिकल्या. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या मुलांवरच्या छोट्या अभ्यासांनीही आशा दाखवली. पण नुकताच मधुमेह झालेल्या शंभराहून अधिक मुलांवर मोठी, तुलनागट ठेवून चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचे निकाल आले. उरलेल्या इन्सुलिनची घसरण या पेशींनी थांबली नाही.

टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. पण ते मधुमेह उघड व्हायच्या आधीच्या टप्प्यासाठी आहे: तेव्हाच्या मंजुरीनुसार वय ८ किंवा त्याहून जास्त, दोन किंवा अधिक प्रतिपिंडं आहेत आणि साखर हलायला लागली आहे. चौदा दिवस रोज शिरेतून देतात. ७६ जणांच्या चाचणीत मधुमेहाचं निदान सुमारे दोन वर्षं लांबलं. तुमच्या मुलीला त्याचा उपयोग नाही. तिला धाकटं भावंड असेल तर त्याची प्रतिपिंड तपासणी करायची का, हे मात्र डॉक्टरांना विचारा.

ते पैसे सतत साखर दाखवणारा सेन्सर, पुरेशा पट्ट्या आणि चांगलं इन्सुलिन यांवर खर्च करा. त्याने फरक पडतो.

ट्रेग कमी पडतात तर इंटरल्यूकिन-२ बाहेरून द्यावं, इतकं सोपं नाही का?
— औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

जवळजवळ, आणि म्हणूनच फसवं. सगळा खेळ मात्रेचा. कर्करोगात याच इंटरल्यूकिन-२ ने लढाऊ पेशी चेतवतात. तिथे वजनाच्या किलोमागे सहा लाख युनिट दर आठ तासांनी देतात. साठ किलोच्या माणसाला एका वेळी साडेतीन कोटींच्या वर. ऑटोइम्यून आजारांत चाचणीसाठी वापरतात ती मात्रा एका वेळी १० ते ३० लाख युनिट, त्वचेखाली. ट्रेगवरचा तीन साखळ्यांचा ग्राहक लढाऊ पेशींवरच्या दोन साखळ्यांच्या ग्राहकापेक्षा सुमारे शंभर पट ओढीचा असतो, त्यामुळे थोडकं रसायन आधी ट्रेगच पकडतात. मात्रा चढली की ते सांडून लढाऊ पेशींकडे जातं. पाणी एका सरीत सोडायचं असेल तर धार बारीक ठेवतात, तसंच हे.

२०११ मध्ये हिपॅटायटिस-सी मुळे झालेल्या रक्तवाहिन्यांच्या सुजेवर याचे निकाल चांगले आले. ल्युपसमध्ये चीनमधल्या ६० रुग्णांच्या चाचणीत बाराव्या आठवड्याला ५५ टक्क्यांना उतार पडला, तुलनागटात ३० टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या कसोटीवर मात्र हा फरक काठावर अडकला. इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढणं, सुईच्या जागी लाल गाठ, आणि रसायन काही तासांत रक्तातून निघून जाणं, या अडचणी आहेतच.

आणि १३ मार्च २००६ विसरू नका. त्या दिवशी लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना टीजीएन१४१२ नावाचं प्रतिपिंड पहिल्यांदा टोचलं. उंदीर-घुशींत त्याच धर्तीचं प्रतिपिंड ट्रेग वाढवत होतं. मात्रा माकडांतल्या सुरक्षित मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी. तासा-दीड तासात सहाही जण रसायनांच्या वादळात सापडले आणि त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, एकाला हाता-पायाची बोटं गमवावी लागली. माणसाच्या ज्या स्मृतिधारी टी-पेशी या औषधाने पेटल्या, त्या पेशींवर चाचणीतल्या माकडांत सीडी२८ हे लक्ष्यच नव्हतं. वर सहाही जणांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने टोचलं होतं. पहिल्याचं काय होतंय ते पाहायलाच कोणी थांबलं नाही.

मुंबईत बनलेली कार-टी ही ट्रेगच का? जर्मनीत तिने ल्युपस गेला म्हणतात.
— वाचक, ठाणे

नाही. कार-टी म्हणजे प्रयोगशाळेत ठरावीक लक्ष्याचा पत्ता शिकवलेली लढाऊ टी-पेशी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी त्याच जातीच्या पेशी ल्युपसमध्ये वापरल्या. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचे निकाल छापले, त्यात ल्युपसचे ८ होते आणि तेही औषधांविना शांत राहिले. पण या पेशी मारणाऱ्या आहेत: प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी त्या मुळासकट काढतात. ट्रेगलाच असा पत्ता शिकवून ठरावीक अवयवाकडे पाठवायची ‘कार-ट्रेग’ वेगळी, आणि ती सुरुवातीच्या चाचण्यांतच आहे.

आईला फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी चालू आहे. तिसऱ्या डोसानंतर दिवसात पाच-सहा जुलाब होतात. बाहेरचं खाल्लं असेल म्हणून जुलाब थांबवायची गोळी दिली आहे.
— मुलगा, छत्रपती संभाजीनगर

हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला फोनवर आधीच कळवलं आहे. इतरांसाठी इथे देतो.

कर्करोगाच्या गाठी ट्रेगना आणि पीडी-१, सीटीएलए-४ या ब्रेकना ओलीस धरून लपतात. इम्युनोथेरपी ते ब्रेक सोडते. सीटीएलए-४ म्हणजे वर सांगितलेलं ओरबाडणारं प्रथिनच. ब्रेक सुटला की आतडं, थायरॉईड, यकृत, फुफ्फुस, पिट्यूटरी (मेंदूच्या तळाची ग्रंथी) कुठेही ऑटोइम्यून सूज येऊ शकते, शेवटच्या डोसानंतर काही महिन्यांनीसुद्धा. एका अर्थी ट्रेग नसतील तर काय होतं, ते इथे औषधाने घडवून दिसतं.

नेहमीपेक्षा चारच्या आत जास्त जुलाब असतील तर लक्ष ठेवतात. चार ते सहा जास्त असतील तर पुढचा डोस रोखून, शौचाच्या तपासणीत जंतुसंसर्ग नाही हे पाहून, किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू करतात. सात किंवा त्याहून जास्त, शौचात रक्त किंवा पोटात कळ असेल तर दवाखान्यात भरती. स्टेरॉईड चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवतात. आठवड्यात बंद केलं की जुलाब परत येतात. तीन ते पाच दिवसांत फरक नसेल तर इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध, पण आपल्याकडे त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी हवीच. जुलाब थांबवायच्या गोळीचा धोका हा की आकडा उतरलेला दिसतो आणि आतड्याची सूज वाढत राहते. डोकेदुखी, कमालीचा थकवा आणि उतरलेला रक्तदाब एकत्र आले तर पिट्यूटरीचा विचार करायला डॉक्टरांना आठवण द्या.

नणंदेची दोन मुलगे बाळं वर्षाच्या आत गेली, दोघांना जुलाब आणि साखरेचा त्रास होता. माझ्या पाहण्यात असं कुणाचं नाही. हा शाप नाही ना?
— वाचक, धाराशिव

शाप नाही. मुलग्यांनाच, पहिल्या काही महिन्यांत, न थांबणारे जुलाब, मधुमेह आणि इसब: हे तिन्ही एकत्र आले की आयपेक्स या आजाराचा संशय घ्यावा लागतो. स्कर्फी उंदरांचं माणसातलं रूपच ते. फॉक्सपी३ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. आईकडे दुसरं निरोगी एक्स असल्याने ती धडधाकट असते. रक्तात आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) खूप चढलेलं सापडतं. ट्रेगची संख्या मोजून निदान होईलच असं नाही, कारण प्रथिन बनतं पण काम करत नाही असेही प्रकार आहेत. जनुक वाचावंच लागतं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानाचं काम तिथे चालतं. नणंदेने पुढच्या गरोदरपणाआधी तिथे किंवा जनुकतज्ज्ञाकडे जावं. बाळ जिवंत असताना निदान झालं तर सिरोलिमसने काळ काढता येतो (हे औषध ट्रेगना फारसं दुखवत नाही) आणि मूळपेशी प्रत्यारोपणाने आजार बराही होऊ शकतो.

आमवात आहे, बाळ हवं आहे. गरोदरपणात आमवात बरा होतो म्हणतात, खरं का?
— वाचक, पणजी

बऱ्याच जणींचा कमी होतो, बरा होत नाही. निम्मं परक्याचं असलेलं बाळ शरीराने स्वीकारावं म्हणून त्या काळात ट्रेग वाढतात, त्याचा सांध्यांनाही लाभ होतो असं मानतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र दुखणं बहुधा उसळतं, तेव्हा बाळाला उचलायला घरात माणूस हवं हे आधीच ठरवा. मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी बंद, लेफ्लुनोमाइड असेल तर ते शरीरातून धुऊन काढायचं औषध घ्यावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन चालू ठेवता येतात. ल्युपसवाल्या मैत्रिणीला हे लागू करू नका. तो गरोदरपणात चढू शकतो, आणि निदान सहा महिने शांत असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ट्रेग वाढवणारा आहार सांगा. आणि व्हिटॅमिन डी?
— अनेक वाचक

चोथा. आतड्यातले जंतू तो आंबवून ब्युटिरेट बनवतात, आणि त्याने मोठ्या आतड्यात ट्रेग वाढतात हे २०१३ मध्ये उंदरांत दिसलं. माणसात त्याने ऑटोइम्यून आजार हटतो असा पुरावा नाही. ज्वारीची भाकरी, मटकी, कुळीथ, पालेभाजी खा, ते तसंही चांगलंच.

व्हिटॅमिन डीची गोष्ट थोडी पक्की आहे. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीत रोज २००० युनिट घेणाऱ्यांत ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी झाले: १५५ च्या जागी १२३. आजार झालेल्यांना त्याने आराम पडतो का, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे मिळणारं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, तेही ठरावीक आठवडे घ्यायचं असतं. ते रोज, महिनोन्महिने घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. सतत तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. असं काही होत असेल तर पाकीट थांबवून कॅल्शियम आणि क्रिएटिनिन त्याच दिवशी तपासून घ्या.